पॉटकेटची सूतगिरणी : एक सहल आणि दोन भेटी

मुलीकडे बॉस्टनला तीन महिन्यांच्या मुक्कामाला आल्यावर जे ठिकाण पाहायचेच असे मी मनाशी ठरवले होते, ते म्हणजे ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट गाव आणि तेथील नदीकाठची जुनी स्लेटर गिरणी. पाण्याच्या जोरावर यंत्राने सूत कातण्याचा धंदा अमेरिकेत पहिल्यांदा यशस्वी झाला तो येथे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, एकतीस वर्षे कामाला होते, आणि त्या खात्यातल्या साच्यांची, म्हणजे कताईयंत्रांची, कुळी या नदीकाठापर्यंत पोहोचते हे मला वाचून ठाऊक होते. या गावी माझे दोनदा जाणे झाले. पहिल्यांदा एका प्रवासी संस्थेच्या सहलीतून गेलो आणि मन भरले नाही, म्हणून आठवड्याभराने पत्नीला घेऊन आगगाडीने पुन्हा गेलो. येथे येऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही भेटींबद्दल सविस्तर लिहीत आहे.

आधी सहलीबद्दल. संस्थेचे नाव देत नाही. तक्रार त्यांना लेखी कळवली आहे. माणशी पंचावन्न डॉलर घेऊन ‘गिरणीगावांची अर्ध्या दिवसाची सफर’ असे तिचे वर्णन केले होते. बस वेळेवर निघाली, बसायची सोय उत्तम होती आणि मार्गदर्शक तरुण अतिशय नम्र होता, हे आधी नमूद करायला हवे. परंतु गिरणीपाशी आम्हाला मिळाली जेमतेम चाळीस मिनिटे, आणि परतीच्या वाटेवर कपड्यांच्या दुकानांच्या एका मोठ्या संकुलात दीड तास थांबवले गेले. वेळेपेक्षाही मला जे खटकले ते सांगण्यातले होते. मार्गदर्शकाने ही गिरणी उभारणाऱ्या सॅम्युएल स्लेटरची बुद्धिमत्ता, त्याचे धाडस आणि त्याची श्रीमंती यांविषयी भरभरून सांगितले. साच्यावर काम करणाऱ्या मुलांबद्दल मात्र ‘गरीब घरांतल्या लेकरांच्या हाताला काम मिळाले’ एवढे एकच वाक्य बोलून तो पुढे गेला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानणे शक्य नव्हते. माझे मत स्पष्ट आहे : या गावासाठी सहलीचे पैसे भरू नयेत, स्वतःहून जावे आणि निदान चार तास हाताशी ठेवावेत.

स्वतःहून जाणे अवघड नाही. जानेवारी २०२३ मध्ये पॉटकेट आणि सेंट्रल फॉल्स या जोडगावांसाठी नवे रेल्वे स्थानक सुरू झाले असून बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून निघालेली लोकल साधारण तासाभरात तेथे पोहोचवते. स्थानकापासून गिरणी चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. स्लेटर गिरणी आता ब्लॅकस्टोन नदीखोऱ्याच्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे, आणि हा परिसर केंद्र सरकारची राष्ट्रीय उद्यानसेवा सांभाळते. आम्हाला प्रवेशासाठी काही द्यावे लागले नाही.

गिरणीत शिरण्याआधी मेन स्ट्रीटच्या पुलावर जाऊन उभे राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण या गावाचे सगळे कारण त्या पुलाखाली आहे. ब्लॅकस्टोन नदी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या बाजूने येते आणि साधारण पंचाहत्तर किलोमीटरच्या वाटचालीत सुमारे १३० मीटर खाली उतरते. एवढ्या लहान नदीला एवढा उतार असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात तिच्या काठाने गिरण्यांची रांगच्या रांग उभी राहिली. पॉटकेटला ती शेवटची उडी घेते. या धबधब्याच्या वरचे पाणी गोडे, आणि खालच्या पाण्यात समुद्राची भरती येते. नदीचे नावही येथे बदलून सीकाँक होते, आणि पुढे ती प्रॉव्हिडन्सवरून नॅरगॅन्सेटच्या उपसागराला मिळते. पॉटकेट या मूळ रहिवाशांच्या भाषेतील शब्दाचा अर्थही धबधब्याची जागा असाच सांगितला जातो. आमचे गाव चिपळूणजवळचे. वाशिष्ठीला गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी चढते आणि तेथपर्यंत गलबते येत असत, हे लहानपणापासून माहीत असल्यामुळे या गावाची जागा मला पुलावर उभ्या उभ्या कळली. धबधब्याची ताकद आणि खाडीचे बंदर एकाच ठिकाणी मिळाले, म्हणजे कारखानदाराला आणखी काय हवे?

कारखानदारीही येथे स्लेटरच्या कितीतरी आधी आली होती. जोसेफ जेंक्स नावाच्या लोहाराने १६७१ च्या सुमारास या धबधब्यापाशी भट्टी घातली, आणि १६७६ मध्ये मूळ रहिवासी आणि वसाहतवाले यांच्या युद्धात ती जळाली; पण लोहारकाम या गावातून गेले नाही. पुढच्या शंभर वर्षांत येथे जहाजांचे नांगर, नाल आणि खिळे बनत राहिले. स्लेटर आला तेव्हा त्याला विल्किन्सन घराण्यासारखे कसबी लोहार आणि सिल्व्हेनस ब्राउनसारखा निष्णात सुतार तयार मिळाला, तो या परंपरेमुळे. सहलीच्या मार्गदर्शकाने ही बाजू सांगितलीच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा असा समज होतो की एक हुशार माणूस इंग्लंडहून आला आणि त्याने एकट्याने सगळे उभे केले.

स्लेटरचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. त्याचा जन्म १७६८ साली इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या बेल्परचा. पाण्यावर चालणारा कताईचा साचा प्रचारात आणणारा रिचर्ड आर्कराइट आणि त्याचा भागीदार जेडेडिया स्ट्रट, यांपैकी स्ट्रटच्या गिरणीत तो उमेदवारी करून तयार झाला. सूतगिरणीची यंत्रे किंवा कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत असा इंग्लंडचा कायदा असल्यामुळे १७८९ मध्ये तो आपला धंदा लपवून, एकही नकाशा न घेता, सगळे डोक्यात ठेवून अमेरिकेत उतरला. प्रॉव्हिडन्सचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला व्यापारी मोझेस ब्राउन याने आधीच काही साचे आणवून ठेवले होते, पण ते नीट चालत नव्हते. स्लेटरने ते पाहून निरुपयोगी ठरवले आणि गावातल्या लोहार-सुतारांच्या मदतीने नव्याने जुळणी केली. पिंजणयंत्रावर तो अडला होता; कापूस दातांवर पसरण्याऐवजी गुंडाळला जाई, आणि दातांचा कोन दुरुस्त केल्यावर काम मार्गी लागले. २० डिसेंबर १७९० रोजी एका कापड धुण्या-कुंदण्याच्या कारखान्यात, भाड्याच्या जागेत, पाण्यावर पहिले सूत निघाले. आज दिसणारी लाकडी इमारत त्यानंतरची, १७९३ ची. पुढे ती वाढत वाढत गेली, म्हणून घंटेचा मनोरा असलेली आजची लांबलचक पिवळी वास्तू पाहून मूळ गिरणी केवढी लहान होती याची कल्पना येत नाही.

आत गेल्यावर जो साचा मी सगळ्यांत जास्त वेळ पाहिला तो अठ्ठेचाळीस चात्यांचा, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या फिरत्या सळयांचा. स्लेटरचा अस्सल साचा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. येथे आहे तो त्या नमुन्यावरून केलेला. घरी चरखा पाहिलेल्या माणसाला तो समजायला पाच मिनिटे पुरतात. चरख्यावर आपण डाव्या हाताने पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मागे ओढतो तेव्हा कापूस बारीक होतो आणि चातीमुळे त्याला पीळ बसतो. या साच्यात बोटांचे काम रुळांच्या जोड्या करतात. पहिली जोडी हळू फिरते, पुढची तिच्यापेक्षा जलद, त्यापुढची आणखी जलद. त्यामुळे मधला पेळू ताणला जाऊन बारीक होतो, आणि खाली चातीवर फिरणाऱ्या दोन पायांच्या पंख्यातून जाताना त्याला पीळ बसून तो बॉबिनवर गुंडाळला जातो. बोटांची समज लाकूड आणि लोखंडात उतरवली, आणि एकाऐवजी अठ्ठेचाळीस धागे एका वेळी निघू लागले.

या साच्याच्या सुधारलेल्या पिढीला इंग्लंडमध्ये थ्रॉसल म्हणत. थ्रॉसल हे तिकडच्या एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव. साचा चालताना जो सूर निघे त्यावरून ते पडले, असे सांगतात. तेच नाव मुंबईच्या गिरण्यांत आले आणि साचे बदलून रिंगचे झाले तरी कामगारांच्या तोंडी खात्याचे नाव थ्रॉसलच राहिले. वडील ‘थ्रॉसलला आहे’ असे सांगत तेव्हा ते कोणत्या पाखराचे नाव घेत आहेत हे त्यांना किंवा आम्हाला माहीत नव्हते. आणि रिंगचा साचाही याच परिसरातला निघाला. पंख्याऐवजी कडी वापरून कातण्याच्या युक्तीचे पेटंट १८२८ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या जॉन थॉर्पने घेतले, आणि प्रॉव्हिडन्स येथून सात-आठ किलोमीटरवर आहे. भारतात ही रिंग लवकर स्वीकारणाऱ्यांत जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल अग्रभागी होती. ती मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. ज्या साच्याने आमच्या घरातल्या सहा माणसांना एकतीस वर्षे जेवू घातले, त्याची दोन्ही नाती, आर्कराइटची आणि थॉर्पची, मला या एका नदीकाठी भेटली. याचसाठी मी एवढ्या लांब आलो होतो, आणि मी धन्य झालो असे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या भेटीत उद्यानसेवेच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हा आठ-दहा जणांना सावकाश फिरवले. त्यांनी कापसाचा एक पेळू हातोहात फिरवायला दिला तेव्हा मी त्याला थोडा पीळ देऊन धागा काढला, तो मध्येच तुटला, आणि दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून मी ती सांधली. वडिलांनी शिकवलेली ही गोष्ट आहे : गाठ मारायची नाही, गाठ पुढे मागावर अडते; टोके एकमेकांवर ठेवायची आणि बोट फिरवायचे. बाईंनी ते पाहिले, मला थांबवून सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवायला सांगितले, आणि मग म्हणाल्या की या खोलीत हेच काम सात वर्षांची मुले दिवसभर करीत होती.

हे त्यांनी टाळले नाही म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. स्लेटरचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षे वयाची नऊ मुले. तुटलेला धागा सांधायला लहान बोटे बरी, आणि लहान बोटांना मजुरी कमी. आठवड्याचे सहा दिवस काम असे, आणि स्लेटरने मुलांसाठी रविवारी शाळा सुरू केली होती. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे कामाला घेण्याची पद्धत रूढ झाली. घरे मालकाची, दुकान मालकाचे, आणि मजुरीचा हिशोब पुष्कळदा त्या दुकानातल्या उधारीत वळता होई. स्लेटर आणि त्याचा भाऊ जॉन यांनी उभारलेले स्लेटर्सव्हिल हे अशा गिरणीगावांपैकी एक आरंभीचे गाव. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये झाला, त्यात सात वर्षांखालच्या मुलांना मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा होती. म्हणजे पॉटकेटमध्ये ज्या वयाची मुले साच्यापाशी उभी राहिली, त्याच वयाच्या मुलांना नव्वद वर्षांनी मुंबईत कायद्याने उभे राहता येत होते. हे आकडे मला पूर्वीच माहीत होते, पण त्या साच्याची उंची डोळ्यांनी पाहिल्यावर, आणि माझ्या सात वर्षांच्या नातवाचे डोके कोठपर्यंत येईल याचा अंदाज घेतल्यावर, त्यांचा अर्थ वेगळा झाला.

दुसरी न टाळता सांगितलेली गोष्ट कापसाची. या थंड मुलखात कापूस होत नाही. गिरण्या वाढल्या तसा तो दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांतून येऊ लागला, आणि ऱ्होड आयलंडमधल्या गिरण्या त्याच गुलामांच्या अंगावर घालण्याचे जाडेभरडे कापड विणून परत दक्षिणेला विकत असत. मोझेस ब्राउनने १७७३ मध्येच आपल्या घरचे गुलाम मुक्त केले होते आणि गुलामगिरीविरुद्ध तो आयुष्यभर झटला, त्याचा सख्खा भाऊ जॉन मात्र गुलामांचा व्यापार करीत होता. मोझेसने ज्या धंद्याला भांडवल दिले तो धंदा त्या मळ्यांवरच पोसला गेला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या धड्याचे दुसरे टोक येथे पाहायला मिळते.

आणि तिसरी गोष्ट संपाची, जिचा सहलीत उच्चारही झाला नव्हता. मे १८२४ मध्ये गावातल्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन कामाचा दिवस तासाभराने वाढवला आणि मागांवर काम करणाऱ्या विणकरांचे दर पंचवीस टक्क्यांनी उतरवले. यंत्रमाग येऊन तेव्हा सात-आठच वर्षे झाली होती आणि ते चालवणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. शंभरावर स्त्रियांनी एकत्र येऊन काम बंद केले, गावातले लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले, गिरण्या बंद पडल्या, आणि साधारण आठवड्याभराने तडजोड झाली. अमेरिकेतील कारखान्यातला हा पहिला संप मानला जातो आणि तो स्त्रियांनी केला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले ते यानंतर साठ वर्षांनी. १९८२ चा संप मी विशीत असताना पाहिला आहे. वडील रोज सकाळी पाळीच्या वेळेला उठून अंघोळ करीत आणि खिडकीत बसून राहत. भोंगा होत नसे. म्हणून गिरणीच्या मनोऱ्यातल्या घंटेकडे मी बराच वेळ पाहत होतो.

शेजारची विल्किन्सन गिरणी १८१० च्या सुमाराची, दगडी बांधणीची. तिला मुख्य गिरणीइतकाच वेळ द्यावा. खाली यंत्रशाळा आहे, आणि छताजवळच्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालणारे जुने लेथ आहेत. या घराण्यातल्या डेव्हिड विल्किन्सनने १७९८ मध्ये स्क्रू कापण्याच्या लेथचे पेटंट घेतले होते, आणि त्याची बहीण हॅना ही स्लेटरची पत्नी. तळघरातले आठ टन वजनाचे पाणचक्र पुनर्बांधणीचे आहे, पण त्याच्या शेजारी उभे राहिल्यावर वरच्या मजल्यावरचा एकेक पट्टा कोणाच्या बळावर फिरे हे सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्या १८५६ पासून वाफेवर चालल्या, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अपरिचित. मात्र गोकाकच्या धबधब्यावरची सूतगिरणी पाहिलेल्यांना ओळखीचे वाटेल.

या पाण्यावरून गावात भांडणेही पुष्कळ झाली. धबधब्याच्या बाजूने १७१४ मध्ये एक चर खणला गेला होता. समुद्रातून अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांना वाट मिळावी हा त्याचा हेतू. मासे तेथून काही नीट चढेनात, आणि पुढे त्याच चराच्या पाण्यावर कारखाने बसले. खालच्या बंधाऱ्याचे मालक आणि चरावरचे मालक यांचा वाद न्यायालयात गेला, आणि १८२७ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी दिलेला निकाल अमेरिकेतील नदीच्या पाण्याच्या कायद्यात आजही आधाराला घेतला जातो : काठावरच्या प्रत्येकाला वाहते पाणी वापरण्याचा सारखा हक्क आहे, पाण्याची मालकी मात्र कोणाचीच नाही. पाणीवाटपाच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्या लोकांनी हा भाग मार्गदर्शकांना मुद्दाम विचारावा. विचारल्यावर त्या फार छान सांगतात.

१९२१ मध्ये एक संस्था स्थापन होऊन ही गिरणी विकत घेतली गेली, डागडुजी करून १९५५ मध्ये संग्रहालय उघडले, आणि २०२१ मध्ये वास्तू उद्यानसेवेकडे आली. कापसाचा धंदा न्यू इंग्लंडमधून दक्षिणेकडे गेला त्या पडत्या काळातच गावकऱ्यांना ती राखावीशी वाटली, याचे मला फार अप्रूप वाटले. वडिलांच्या गिरणीच्या जागी आज काचेची उंच इमारत आहे, आणि ते ज्या दाराने आत जात तेथे पहारेकरी मला उभे राहू देत नाही.

काही व्यावहारिक सूचना. हिवाळ्यात आणि सुटीच्या दिवशी वेळा बदलतात, त्या आधी पाहून घ्याव्यात आणि मार्गदर्शकासह फेरी कोणत्या वेळेला आहे ते विचारूनच गाडी ठरवावी. एकट्याने पाहण्यात अर्धी गंमत जाते. आतला जिना जुना आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा मजला निवांत पाहावा. मुलांना अवश्य न्यावे, त्यांना साच्याशेजारी उभे करावे. डबा घरून नेलेला बरा. नदीकाठी बसायला बाक आहेत, आम्ही तेथे पोळीभाजी खाल्ली. भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटीला पुलावर पोहोचता आले तर उत्तम, कारण तेव्हा खालचे काळे खडक उघडे पडतात आणि गोडे पाणी नेमके कोठे संपते ते वरून स्पष्ट दिसते.